सीतेनं काढलेलं चित्र

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज ठेवून थोडं संपादन केलं आहे.)



मला दिलेला विषय फार मोठा आहे. जगातल्या निरनिराळ्या धर्मपरंपरा लेखक आणि चित्रकार पुस्तकांतून लोकांपर्यंत कशा नेतात, यावर मी बोलावं असं संयोजक मैत्रिणींचं म्हणणं. अख्खं जग काही माझ्या पिशवीत मावत नाही. मी एक पुस्तक आणलंय आणि त्याच्याबरोबर आमच्याच गटाची एक जुनी, पिवळी पडलेली पुस्तिका. पुस्तकाबद्दल मी कौतुकानं बोलणार आहे. पुस्तिकेबद्दल बोलताना मात्र मान थोडी खाली जाणार आहे.

आधी एक कबुली देते. धर्माचं पुस्तक म्हटलं की चळवळीतल्या माझ्यासारख्या बायका दोन पावलं मागं सरतात. त्याला कारणं होती. पोथ्यांतली आणि व्रताच्या कहाण्यांतली सोसणारी बाई आम्हाला घराघरांत भेटत होती. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं आणि रस्ते ओस पडायचे. एकच रामायण, एकच सीता, सगळ्या देशाला एकाच वेळी. मग १९९२ चा डिसेंबर आला, ९३ चा जानेवारी आला. मुंबईत वस्त्या जळाल्या. त्यानंतर आमच्यातल्या काहीजणींनी ठरवूनच टाकलं की रामाच्या गोष्टीला हात लावायचा नाही. मीही त्यांतलीच. याचा परिणाम एवढाच झाला की गोष्ट दुसऱ्यांच्या हातात राहिली. आणि आमच्या बैठकीला येणाऱ्या बायका घरी, हळदीच्या जात्यावर, सीतेच्या ओव्या गातच राहिल्या. त्यांनी आमचा ठराव विचारलाच नव्हता.

आता पुस्तक. त्याचं नाव 'सीताज् रामायण'. चेन्नईच्या तारा बुक्सनं ते २०११ साली काढलं. इंग्रजीत आहे, चित्रांतून सांगितलेलं. शब्द संहिता अर्णी यांचे, चित्रं मोयना चित्रकार यांची. दोघींची नावं मुखपृष्ठावर आहेत. हे मी मुद्दाम सांगतेय, त्याकडे पुन्हा यायचंय. आपल्याकडे बहुधा लेखक आधी मजकूर लिहितो आणि मग तो चित्रकाराकडे जातो. इथं उलट झालं. आधी चित्रं झाली आणि त्या चित्रांना धरून मजकूर लिहिला गेला.

गोष्ट सुरू होते ती दंडकारण्यात. सीता गरोदर आहे, टाकलेली आहे, आणि ती रानातल्या झाडांना, प्राण्यांना आपली कहाणी सांगते आहे. स्वयंवर वगैरे नंतर. लंकेतलं युद्ध तिला त्रिजटेकडून कळतं. त्यामुळे रामाच्या पराक्रमाचं वर्णन आपोआप मागं पडतं आणि मागं राहिलेल्या बायकांचं काय झालं ते पुढं येतं. विधवा झालेली मंदोदरी, वालीची तारा. जिंकलेल्या बाजूची असूनही सीतेला हरलेल्यांच्या घरातलं रडणं ऐकू येतं. शेवट आपल्याला ठाऊक आहे, ती धरणीच्या पोटात जाते. पण इतका वेळ तीच बोलत असल्यामुळे तो शेवट वेगळा वाटतो.

गंमत बघा. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतही सीता रानात एकटी रडते आणि तिची समजूत घालायला बोरी-बाभळी येतात, बाया होऊन. बंगालची सीता झाडांशी बोलते आणि आपली सीताही झाडांशीच बोलते. माणसांत ऐकून घेणारं कुणी नव्हतं, हे दोन्हीकडच्या बायकांना सारखंच सुचलं.

मोयना चित्रकार या पश्चिम बंगालच्या पटुआ परंपरेतल्या. पटुआ म्हणजे कागदाची लांब गुंडाळी रंगवून, ती एकेक चौकट उलगडत, बोटानं दाखवत गाणारे लोक. आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळीचे चित्रकथी आहेत, त्यांच्याशी नातं सांगणारी कला. फरक एवढाच की चित्रकथीची चित्रं सुट्या कागदांवर असतात, पोथीसारखी बांधून ठेवलेली. पटुआंच्या बायका पूर्वी रंग वाटायच्या, रंग भरायच्या. गावोगाव जाऊन पट दाखवणं आणि गाणं हे पुरुषाचं काम. विसाव्या शतकाच्या शेवटाकडे मेदिनीपूरच्या नया गावात बायका स्वतः पट काढू लागल्या, गाऊ लागल्या, विकू लागल्या. त्यांच्यावर लीना फ्रुझेट्टी आणि आकोश ओस्तोर यांनी २००५ साली 'सिंगिंग पिक्चर्स' नावाचा माहितीपट केला. मिळाला तर जरूर बघा. पट विकून आल्यावर घरचं काम कुणी करायचं, हा प्रश्न तिकडेही आपल्यासारखाच आहे.

आणि हा पटुआ समाज बहुतेक मुसलमान आहे. आडनाव चित्रकार. अनेकांची दोन नावं असतात, एक हिंदू वळणाचं आणि एक मुसलमान वळणाचं. ते मनसादेवीचे पट गातात, दुर्गेचे गातात, पिराचे गातात. यावरून आमच्याकडे काय झालं ते थोड्या वेळानं सांगते.

बंगालमधली ही बायकांची सीता शोधत मागं गेलं की आपण पोचतो चंद्रावतीपाशी. सोळाव्या शतकातली ही कवयित्री, आजच्या बांगलादेशातल्या मैमनसिंह भागातली, मनसामंगल रचणाऱ्या द्विज बंशीदासांची मुलगी. तिच्यावरचं एक लोकगीत सांगतं की लग्न ठरलेल्या माणसानं तिला दगा दिला, तेव्हा तिनं लग्न न करण्याचं ठरवलं आणि वडिलांच्या सांगण्यावरून रामायण लिहायला घेतलं. तो पुढे पस्तावून परत आला, तिनं देवळाचं दार उघडलं नाही. तिचं रामायण अपुरं राहिलं.

अपुरं असलं तरी काय रामायण आहे! सुरुवात रामाच्या जन्मानं होत नाही, मंदोदरीपासून होते. नवऱ्याच्या वागण्यानं जीव नकोसा झालेली मंदोदरी ऋषींच्या रक्ताचं विष पिते आणि त्यातून सीता जन्माला येते. युद्ध कुठं आहे? सीता सख्यांना बारा महिन्यांचं सुखदुःख सांगते, त्यात येऊन जातं. पंडितांनी या काव्याला कच्चं, अर्धवट म्हणून बाजूला टाकलं होतं. नवनीता देव सेन यांनी ते पुन्हा वाचलं आणि सांगितलं की ही कमकुवत रामकथा नव्हेच, ही सीतेची कथा आहे, तुम्ही तिच्यात रामाला शोधताय म्हणून ती तुम्हाला अपुरी दिसते. त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२० मध्ये झुबाननं छापला. त्या २०१९ मध्येच गेल्या होत्या. छापील पुस्तक त्यांना बघायला मिळालं नाही.

या रामायणातला एक प्रसंग मला रात्री झोपू देत नाही. कैकेयीची मुलगी कुकुया सीतेच्या मागं लागते, रावण कसा दिसायचा ते काढून दाखव म्हणून. सीता नको नको म्हणत शेवटी पंख्यावर चित्र काढते आणि दमून झोपी जाते. कुकुया तो पंखा तिच्या छातीवर ठेवते आणि रामाला बोलावून आणते. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आपल्याकडे हीच गोष्ट कैकेयीची आहे. सीता म्हणते, मी त्याचं तोंड कधी पाहिलंच नाही, खाली मान घालून होते, फक्त पायाचा अंगठा पाहिला. तर अंगठाच काढ म्हणते कैकेयी. सीता भिंतीवर अंगठा काढते आणि वरचा सगळा रावण कैकेयी पुरा करते. तारा भवाळकर यांनी बायकांच्या ओव्यांतल्या या सीतेवर आयुष्यभर काम केलं आहे, त्यांचं 'सीतायन' तुमच्यापैकी काहीजणींनी वाचलं असेल.

म्हणजे अंगठा तिचा, रावण दुसरीचा, आणि चित्र मात्र तिच्या नावावर. वनवास तिला.

हे पुस्तक मी आमच्या तालुक्याच्या गावी परित्यक्ता बायकांच्या बैठकीत नेलं. इंग्रजी कुणालाच वाचता येत नव्हतं. मी खुर्चीवर बसले, पुस्तक मांडीवर उभं धरलं, चित्रं त्यांच्याकडे, आणि मराठीत सांगत गेले. चार पानं झाली आणि मी कधी मागं पडले कळलंच नाही. त्याच बोटं ठेवून सांगू लागल्या. 'ही बघा मंदोदरी.' 'ही लवकुशाची पोटुशी.' बाळंतपणाचा प्रसंग आला तेव्हा एकीनं विचारलं, गरम पाणी कुणी दिलं? पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. मग त्यावरच दहा मिनिटं चर्चा. कुणी म्हणालं, ऋषीनं. 'ऋषीला काय कळतंय बाळंतिणीचं?' असं म्हणून दुसरीनं ते उडवून लावलं. एक म्हातारी मावशी म्हणाली, रामानं पोटगी दिली का? सगळ्या हसल्या, पण ती हसत नव्हती, तिची केस सात वर्षं चालू होती. आणि शेवटच्या चित्रावर, जिथं जमीन दुभंगते, तिथं एकजण पटकन बोलून गेली: जमिनीत जाण्यापेक्षा जमीन मागायची होती!

(यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे, एकट्या सीतेचं. तिच्या ओच्यात कुणी मूठभर गहू घातला नाही म्हणून त्या गावात गहू पिकायचा नाही अशी आख्यायिका. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ते देऊळ दुरुस्त करून घेतलं आणि बायकांच्या नावावर जमीन करण्याच्या आपल्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमाशी तिचं नातं जोडलं. बैठकीतल्या त्या बाईला यातलं काही माहीत नव्हतं.)

पुस्तक मिटल्यावर भजनी मंडळात जाणाऱ्या एका ताईंनी विचारलं, चित्रं काढणारी बाई कुठली? मी पटुआंबद्दल सांगितलं. दोन नावांचं सांगितलं. मुसलमान हा शब्द आला आणि खोलीत एकदम शांतता. त्या म्हणाल्या, मग आपली सीता त्यांनी कशाला काढायची? मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात मागं भिंतीला टेकून बसलेली एक मैत्रीण बोलली. तोंडी तलाक देऊन घराबाहेर काढलेली, दोन वर्षं आमच्याकडे येणारी, फारसं कधी बोलत नसे. म्हणाली, 'शेजारच्या आजीबरोबर मीपण दळायला बसायची. सीतेच्या ओव्या मलाबी येतात.' आणि तिनं एक म्हटली. आवाज बारीक होता. दुसरी ओळ दोघीतिघींनी उचलली.

ताईंचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. त्या चहा न घेता गेल्या. पुढच्या महिन्यात मात्र आल्या. या विषयावर आम्ही दोघी अजून बोललेलो नाही, आणि बोलायला हवं हे मला कळतं. पुस्तकं मनं जोडतात वगैरे आपण भाषणांत म्हणतो. पुस्तकानं त्या खोलीत आधी एक तडा दाखवला, जो आम्ही सगळ्यांनी मिळून झाकून ठेवला होता. हे पुस्तक निघालं त्याच २०११ साली दिल्ली विद्यापीठानं ए. के. रामानुजन यांचा रामायणाच्या अनेक रूपांवरचा निबंध अभ्यासक्रमातून काढून टाकला. प्राध्यापकांना जे झेपत नाही ते ताईंना एका दुपारी झेपावं अशी अपेक्षा मी कशी करू?

पुस्तकाबद्दल माझ्या तक्रारीही आहेत. पट हा गायचा असतो. पुस्तकात गाणं गेलं, गुंडाळी गेली, पानं आली. भाषा इंग्रजी, त्यामुळे गोष्ट जिच्या तोंडची, तिच्यासारख्या बाईला ती वाचता येत नाही. मराठीत अशी पुस्तकं आपण का करत नाही, हा प्रश्न प्रकाशकांना विचारायचा तसा आपल्यालाही विचारायचा आहे.

पण नावाचं मी म्हणत होते. भिंतीवर चित्र काढणाऱ्या बाईला नाव नसतं. वारली लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, धवलेरी गाऊन लग्न लावते. त्यांच्याशिवाय लग्न लागत नाही, म्हणजे पुरोहितपण बाईकडे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी वारल्यांकडे कागद घेऊन गेले. चित्र कागदावर आलं आणि आधी जगभर नाव झालं ते पुरुषाचं, जिव्या सोमा मशे यांचं. फार मोठे कलावंत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण चौक लिहिणाऱ्या सुवासिनींपैकी कितीजणींची नावं आपल्याला सांगता येतील? याच भास्कररावांनी त्याआधी, १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात, मिथिलेतल्या बायकांना कागद दिला. तिथं मात्र बायकांची नावं पुढं आली. सीतादेवी, गंगादेवी. तीही आधी वरच्या जातींतल्याच. मल्लाह समाजातली दुलारीदेवी चित्रकार बायकांच्या घरी धुणीभांडी करता करता शिकली. तिचं चित्रमय आत्मकथन तारा बुक्सनंच काढलं, आणि २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. बाईचं नाव छापलं जाणं हे तिच्या जातीवरही अवलंबून असतं, एवढंच इथं सांगते.

आता ही पुस्तिका. आमच्या गटानं १९९१ मध्ये काढली. अठ्ठेचाळीस पानं, किंमत पाच रुपये, जत्रेत आणि मोर्चात विकली. सीतेच्या आणि माहेरच्या ओव्या. आतल्या पानावर काय छापलंय ते वाचून दाखवते. संकलन: पुढं आम्हा तिघींची नावं. चित्रं: कलाशिक्षण घेतलेल्या आमच्या एका मित्राचं नाव. ओव्या: पारंपरिक.

यातल्या सतरा ओव्या एका मावशींनी दिल्या होत्या. पुस्तिका त्यांना नेऊन दिली, नातीनं ती वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, 'यात मी कुठं हाय?' मी शहाणपणानं म्हटलं, मावशी, ओव्या काय एकीच्या असतात का, त्या सगळ्या बायकांच्या असतात. त्या म्हणाल्या, 'सगळ्यांच्या हायती, तर मग तुमचीच नावं कशाला घातली?'

मी त्या दिवशी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा चहा मागितला असेल.

बाकी कुणाला सुचत नव्हतं म्हणून आम्हालाही सुचलं नाही, अशी सबब मला देता येत नाही. त्याच काळात पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या, आणि गाणारीचं नाव, गाव त्यांच्याबरोबर. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' त्या लोकांपुढं आणते आहे. म्हणजे करता येत होतं. आम्ही केलं नाही. 'पारंपरिक' म्हटलं की आम्हाला फार लोकाभिमुख वाटायचं.

आता दुसरी आवृत्ती करायची ठरली आहे, नावांसह. आणि ते वाटलं तेवढं सोपं नाही. माझ्या जुन्या वहीत अकराजणींची नावं सापडली. चौघी हयात आहेत. एकीनं हात जोडून सांगितलं, माझं नाव नको, त्या ओवीत माझ्या भावाबद्दल आहे, भावाची पोरं अजून मला दिवाळीला नेतात. तिचं नाव घालणार नाही. पण 'पारंपरिक' असंही लिहिणार नाही. 'नाव देऊ नये अशी गाणारीची इच्छा' असं लिहायचं ठरलंय. एकीच्या मुलाचं म्हणणं, आईचं नुसतं नाव नको, आमच्या घराण्याचं छापा, वडिलांचं आधी. त्याच्याशी भांडण चालू आहे. सतरा ओव्यांच्या त्या मावशी गेल्या. त्यांचं नाव मी तुम्हाला शिबिरात सांगितलं, अंकात छापताना गाळते आहे, कारण नात अजून गावाकडे जायची आहे आणि घरच्यांना विचारायचं आहे.

राहता राहिली पान तेरावरची ओवी. अंगठ्याचीच, सीतेनं काढलेल्या. वहीत तिच्यापुढं नाव नाही. विचारत फिरले तर तीन गावांतल्या तिघींनी ती आपलीच म्हणून सांगितली, आणि तिघींचा शेवट वेगळा. एकीच्या ओवीत तर सीता अंगठा काढतच नाही, कोळसा टाकून उठून जाते. तिन्ही पाठ छापायचे आहेत, तिघींच्या नावानं. पुस्तिका इथं टेबलावर ठेवते. आणखी कुणाला चौथा येत असेल तर जेवायच्या सुट्टीत माझ्याकडे या, वही आणली आहे.